अतिजलद रेल्वे, स्थानकाभोवतीची जमीन आणि शहरांचा निधी

अतिजलद रेल्वेमार्गाची घोषणा झाली की मार्गावरच्या लहान आणि मध्यम शहरांत दोन प्रश्न लगेच चर्चेला येतात. रेल्वेमुळे आपल्या शहराचा विकास होईल का, हा पहिला. आणि त्या विकासाला लागणारा निधी कोण देणार, हा दुसरा. हे दोन प्रश्न बहुधा वेगवेगळ्या बैठकांत, वेगवेगळ्या माणसांपुढे मांडले जातात. मात्र गेल्या साठ वर्षांत जपान, फ्रान्स, स्पेन, तैवान अशा देशांत काय घडले हे वाचत गेल्यावर माझे मत असे बनले आहे की दोन्हींचे उत्तर स्थानकाभोवतीच्या दोन-तीन चौरस किलोमीटर जमिनीत असते, आणि त्या जमिनीचा निर्णय गाडी धावण्याच्या कितीतरी आधी घ्यावा लागतो.

रुळांचा पैसा हा निराळा विषय आहे. तो सरकारी तिजोरीतून, दीर्घ मुदतीच्या कर्जातून किंवा सवलत करारातून (म्हणजे ठरावीक वर्षे मार्ग चालवण्याचा हक्क खासगी कंपनीला देणाऱ्या करारातून) उभा राहतो आणि त्यावर नगरपालिकेचा हात पोहोचत नाही. जपानने १९६४ साली तोक्यो आणि ओसाका यांना जोडणारा तोकाइदो शिनकान्सेन हा अतिजलद रेल्वेमार्ग सुरू केला, तेव्हा जागतिक बँकेने त्यासाठी ८ कोटी डॉलरचे कर्ज दिले होते. एकूण खर्चाच्या मानाने ही रक्कम मोठी नव्हती. पण आंतरराष्ट्रीय करारामुळे प्रकल्प मध्येच सोडून देणे सरकारला अवघड झाले, आणि खर्च मूळ अंदाजाच्या जवळपास दुप्पट होऊनही काम थांबले नाही. ब्रिटनने लंडनहून चॅनल बोगद्याकडे जाणारा मार्ग आधी बांधला आणि २०१० साली तो तीस वर्षे चालवण्याचा हक्क २.१ अब्ज पौंडांना कॅनडातील दोन निवृत्तिवेतन निधींना विकला. असे व्यवहार वाचायला मनोरंजक असतात, पण मार्गावरच्या एखाद्या शहराच्या मुख्याधिकाऱ्याला त्यातून घेण्यासारखे फारसे काही नसते.

त्याने पाहायला हवी ती याच तोकाइदो मार्गावरची शिन-योकोहामा आणि गिफु-हाशिमा ही स्थानकांची जोडी. दोन्ही स्थानके १९६४ साली, एकाच मार्गावर, जवळपास शेतातच उभी राहिली. शिन-योकोहामाला सुरुवातीची कित्येक वर्षे फक्त सर्व स्थानकांवर थांबणाऱ्या गाड्या थांबत आणि आसपासची वाढही संथच होती. १९७६ पासून तेथे काही वेगवान गाड्या थांबू लागल्या, १९८५ मध्ये शहराची भुयारी रेल्वे स्थानकापर्यंत आली, आणि २००८ पासून मार्गावरची प्रत्येक गाडी तेथे थांबते. आज तो परिसर कार्यालये, हॉटेले आणि मोठ्या क्रीडागृहाने भरलेला आहे, आणि २०२३ मध्ये आणखी दोन खासगी रेल्वे कंपन्यांचे मार्ग तेथे येऊन जोडले गेले. गिफु-हाशिमाला मात्र सर्वांत वेगवान गाड्या आजही थांबत नाहीत आणि तेथे शहर म्हणावे असे फारसे काही उभे राहिले नाही. मार्ग तोच, वेग तोच, उद्घाटनाचा दिवसही तोच. फरक पडला तो जवळच्या महानगराने, थांब्यांच्या संख्येने आणि स्थानकापर्यंत पोहोचवणाऱ्या स्थानिक वाहतुकीने. म्हणूनच स्थानक मंजूर झाल्याच्या बातमीवर फटाके वाजवण्याआधी दिवसाला किती गाड्या थांबणार आहेत, हे विचारावे.

आता जमिनीकडे वळू. शेताशेजारी स्थानक येणार हे कळताच जमिनीचा भाव चढतो आणि ही वाढ जमीनमालकाच्या मेहनतीने झालेली नसते. ती सार्वजनिक खर्चातून झालेली असते. तरीही बहुतेक ठिकाणी ती आधी खबर लागलेल्या दलालांच्या खिशात जाते आणि रस्ते, गटारे, पाणीपुरवठा यांचा खर्च मात्र नगरपालिकेच्या माथी पडतो. जपानने यावर वापरलेला उपाय म्हणजे जमिनीची पुनर्मांडणी. समजा, एखाद्याकडे एक हजार चौरस मीटरचा वाकडातिकडा, रस्ता नसलेला तुकडा आहे. योजनेत त्याला सातशे चौरस मीटरचा चौकोनी, रस्त्यालगतचा भूखंड परत मिळतो. उरलेल्या तीनशेपैकी दोनशे रस्ते आणि बागेसाठी जातात, आणि शंभर चौरस मीटर राखीव ठेवून विकले जातात; त्या विक्रीतून कामाचा खर्च निघतो. आकडे मी समजावण्यापुरते घेतले आहेत, पण हिशेबाची रीत हीच. मालकाची जमीन घटते पण तिचे मोल वाढते, तो विस्थापित होत नाही, आणि नगरपालिकेला कोणापुढे हात पसरावा लागत नाही. ही योजना चालते ती भाव खरोखर चढला तरच, आणि मालकांना आधी विश्वासात घेतले असेल तरच. या दोन अटी कागदावर सोप्या दिसतात, प्रत्यक्षात त्यांच्यावर वर्षे खर्ची पडतात.

तैवानने याच कल्पनेचे अधिक कठोर रूप वापरले. तेथील पाच नव्या स्थानकांभोवतीचे संपूर्ण क्षेत्र सरकारने संपादित केले, त्याची आखणी केली आणि मूळ मालकांना विकसित जमिनीचा साधारण चाळीस ते पन्नास टक्के वाटा परत देऊ केला. रेल्वे २००७ साली सुरू झाली. सिंचूजवळ आधीपासून विज्ञान उद्यान आणि संगणक-चिपांचा उद्योग होता, त्यामुळे तेथील भूखंड भराभर भरले. च्यायीचे स्थानक शहरापासून दूर होते आणि तेथे बराच काळ रुंद रस्ते आणि रिकामे भूखंडच दिसत राहिले. बांधा-वापरा-हस्तांतरित करा या तत्त्वावर मार्ग उभारणारी खासगी कंपनीही कर्जाखाली दबली. २०१५ मध्ये सरकारला तिची आर्थिक फेररचना करावी लागली आणि करार पस्तीस वर्षांवरून सत्तर वर्षांवर न्यावा लागला. जमिनीतून पैसा उभा राहतो हे खरे असले तरी तो रेल्वेच्या वेळापत्रकाप्रमाणे येत नाही, हे कर्जाचे हप्ते ठरवणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवे होते.

स्पेनमधले उदाहरण याहून बोलके आहे. ग्वादालाहारा शहरापासून काही किलोमीटरवर, उघड्या माळावर, २००३ मध्ये स्थानक झाले आणि त्याशेजारी सुमारे तीस हजार लोकांसाठी वाल्देलुझ नावाची नवी वसाहत आखली गेली. २००८ च्या मंदीत घरबांधणी कोसळली आणि वसाहत अर्धवट राहिली. याउलट १९९२ सालच्या माद्रिद–सेव्हिया मार्गावर सिउदाद रेआल हे जुने, वस्ती असलेले शहर होते; तेथून माद्रिद सुमारे तासाभरावर आले, रोज ये-जा करणाऱ्यांसाठी सवलतीच्या पासाच्या गाड्या सुरू झाल्या, आणि विद्यापीठाला माद्रिदमध्ये राहणारे प्राध्यापक मिळू लागले. जर्मनीत कलोन–फ्रँकफुर्ट मार्गावरचे माँटाबाउर हे दहा-बारा हजार वस्तीचे गाव राज्य सरकारच्या आग्रहामुळे २००२ मध्ये स्थानक मिळवू शकले, आणि त्यानंतर त्या जिल्ह्याची आर्थिक वाढ खरोखर वेगाने झाल्याचे अर्थशास्त्रज्ञांना आढळले. माँटाबाउरचे यश मला आधी अपवाद वाटले होते. पण नकाशा पाहिला तर कारण कळते: दोन्ही बाजूंना अर्ध्या ते पाऊण तासाच्या अंतरावर मोठे रोजगार बाजार आहेत.

निधीचा आणखी एक मार्ग फ्रान्सने काढला आहे. बोर्दोपासून तुलूझकडे जाणाऱ्या नियोजित मार्गाचा खर्च केंद्र सरकार आणि स्थानिक संस्था प्रत्येकी चाळीस टक्के आणि युरोपीय संघ वीस टक्के असा वाटून घ्यायचा आहे, आणि स्थानिक वाट्याचा काही भाग भागवण्यासाठी २०२३ पासून स्थानकापासून मोटारीने तासाभराच्या अंतरातील गावांवर विशेष कर बसवला आहे. कल्पना न्याय्य वाटते, पण तासाभराची ही सीमा मला फार सैल वाटते. पन्नास मिनिटांवरच्या खेड्यातला रहिवासी जी गाडी वर्षातून क्वचित पकडेल तिच्यासाठी कर भरतो, आणि स्थानकासमोर भूखंड असलेला मालक एका रात्रीत श्रीमंत होतो. त्याच्याकडून अधिक घेण्याची सोय या करात नाही. जपानमधील काकेगावा शहराने स्थानक मागितले तेव्हा त्याचा खर्च स्थानिकांनी उचलायचा, असे ठरले. नागरिकांनी स्वेच्छेने वर्गणी काढली आणि १९८८ मध्ये स्थानक सुरू झाले. वर्गणी हा सगळीकडे चालणारा उपाय नव्हे, पण स्वतःचा पैसा घातलेले शहर स्थानकासमोरची जागा वाया जाऊ देत नाही, एवढे खरे.

अनुदानांबाबत एक सावधगिरी. युरोपीय लेखापरीक्षकांनी २०१८ च्या अहवालात नोंदवले की २००० सालापासून संघाने अतिजलद रेल्वेला २३.७ अब्ज युरो दिले, तरीही देशोदेशीचे मार्ग एकमेकांशी नीट जोडलेले नाहीत. अनुदान मिळते ते बहुधा बांधकामाला. स्थानकापासून गावात जाणारी बस, तिचे चालक, तिचा रोजचा तोटा यांना कोणी अनुदान देत नाही. म्हणून जमिनीच्या मूल्यवाढीतून आलेल्या पैशाचा पहिला हक्क या बसचा असावा, स्थानकासमोरच्या कारंज्याचा नव्हे.

राहिला थांब्याचा प्रश्न. लंडनजवळच्या एब्सफ्लीटला २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय स्थानक झाले आणि त्याभोवती नवे शहर वसवण्यासाठी २०१५ मध्ये विकास महामंडळही स्थापन झाले. २०२० मध्ये महासाथीच्या काळात पॅरिस आणि ब्रसेल्सच्या गाड्या तेथे थांबायच्या बंद झाल्या आणि त्यानंतर त्या पुन्हा सुरू झालेल्या नाहीत. तेथून लंडनला जाणाऱ्या देशांतर्गत गाड्या चालू आहेत, त्यामुळे घरांची मागणी टिकली. पण जमीन, कर किंवा वर्गणी या स्वरूपात वाटा उचलणाऱ्या शहराने करारावर सही करण्याआधी दिवसाला किमान किती गाड्या, किती वर्षे थांबतील, आणि थांबा काढल्यास भरपाई किती, ही कलमे त्यात लिहून घेतली पाहिजेत.