चर्चच्या वाचनालयाचं संगणकीकरण: कोहा की टायनीकॅट?

चर्चच्या वाचनालयातली पुस्तकं आणि देवघेव संगणकावर घ्यायची आहे. त्यासाठीच्या सॉफ्टवेअरची यादी आता दोन नावांवर आली आहे.

कोहाकडे माझा ओढा आधीपासूनच. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या वाचनालयांसाठी १९९९ मध्ये ते लिहायला घेतलं, २००० च्या जानेवारीत ते चालू झालं. माओरीत ‘कोहा’ म्हणजे भेट. देणगीच्या पुस्तकांवर उभ्या असलेल्या वाचनालयाला याहून शोभणारं नाव कुठलं? जुन्या डेस्कटॉपवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं, त्यावर कोहा बसवलं आणि चार शनिवार त्यात घालवले. झेड३९.५० (दुसऱ्या वाचनालयांच्या नोंदी मागवून घ्यायची सोय) वरून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची तयार नोंद आमच्या तालिकेत, म्हणजे पुस्तकांच्या यादीत, उतरली, तेव्हा मी एकटाच हसत बसलो होतो.

मग देवघेव सांभाळणाऱ्या काकूंना समोर बसवलं. पुस्तक देणं-घेणं त्यांना लगेच जमलं. पण नवीन नोंद करायची म्हणजे मार्क २१, वाचनालयांचा नोंदींचा ठरलेला साचा, ज्यात प्रत्येक रकान्याला आकडा असतो: १०० मध्ये लेखक, २४५ मध्ये शीर्षक, ६५० मध्ये विषय. ‘‘हे आकडे पाठ करायचे का रे?’’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याहून मोठी अडचण मीच. बॅकअप, अपडेट सगळं माझ्या एकट्याच्या डोक्यात. मी महिनाभर आलो नाही तर?

टायनीकॅट हे लायब्ररीथिंग या पुस्तकांच्या याद्या ठेवणाऱ्या संकेतस्थळाच्या तालिकेवर चालतं. ब्राउझर उघडला की काम सुरू, सर्व्हर आपला नाही. संस्थांना वर्गणी पडते, इंटरनेट गेलं की हात बांधले जातात. तरीही मी तिकडेच झुकलोय.

पैसे भरण्याआधी मात्र पन्नास पुस्तकं मुद्दाम अवघड निवडली (आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला ओळख क्रमांक, नसलेली गीतपुस्तकं, दोन खंडांचे ग्रंथ, देवनागरी शीर्षकं), टायनीकॅटमध्ये भरली आणि त्यांच्या नोंदी फाइल करून परत बाहेर काढल्या. उद्या सोडायचं ठरलं तर आपल्या नोंदी घेऊन निघता आलं पाहिजे ना. फाइल धड होती, घोळ माझ्या स्प्रेडशीटने घातला. तेरा अंकी आयएसबीएनचं ९.७८ई+१२ झालं, २००७ आधीच्या दहा अंकी क्रमांकांतली सुरुवातीची शून्यं गळाली. आता तो रकाना आकडा नाही, मजकूर म्हणूनच आयात करतो; एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८, म्हणजे देवनागरीही नीट दिसतं.

वर्गीकरण कुठलंच सॉफ्टवेअर सोडवून देत नाही. ड्यूईच्या दशांश वर्गीकरणात (विषयाला आकडा देणारी पद्धत) आमचं जवळजवळ सगळं कपाट २०० च्या, म्हणजे धर्माच्या, घरात: २२० पवित्र शास्त्र, २२६ शुभवर्तमानं, २६४ उपासना, २७० चर्चचा इतिहास. तयार नोंदींबरोबर दशांशानंतर चार-पाच आकडे येतात, ते पुस्तकाच्या कण्यावर मावत नाहीत. एकाच दशांशावर थांबायचं आणि खाली लेखकाची पहिली तीन अक्षरं लिहायची, असं ठरवलंय. कुणी वेगळं करत असेल तर सांगा.

आता आयएसबीएन नसलेला खण हाती घेतलाय. शीर्षकपान बघून एकेक नोंद हातानेच. काल अकरा झाली, त्यातल्या दोन पुस्तकांना शीर्षकपानच नाही.