पावसाआधीची बेगमी

मे महिन्यात गोव्यात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची लगबग चालते. मिरच्या, चिंच, सोलं, सुकी मासळी, सगळं पावसाआधी घरात. फोटो आणि मेलचाही पुरुमेंत याच दिवसांत भरून घ्यावा. एकदा जून लागला की वीज जाते, फांदी पडून केबल तुटते आणि ९० टक्क्यांवर आलेलं डाउनलोड तिथेच बसतं.

गूगलकडचे आपले फोटो, मेल वगैरे उतरवून घ्यायची टेकआउट ही सोय २०११ पासून आहे. पान उघडताच बहुतेक सेवांवर खुणा केलेल्याच दिसतात. त्या आधी काढून टाकाव्यात. फोटो एकदा, मेल एकदा, असं वेगवेगळं मागवावं. हा माल झिप फाइलींच्या तुकड्यांत येतो. तुकडे करताना ५० जीबीचा मोह नको, २ जीबी बरे. क्लिक वाढतात खरे, पण एक तुकडा फसला तर तेवढाच पुन्हा उतरवायचा. शिवाय एफएटी३२ पद्धतीचा जुना पेनड्राइव्ह ४ जीबीची फाइल घेतच नाही. उतरवायची लिंक मेलने येते आणि आठवडाभरच टिकते, तेव्हा मेल आल्यावर ‘रविवारी बघू’ म्हणू नये.

खरी गंमत झिप सोडवल्यावर. चवथीच्या माटोळीचे (गणपतीवर टांगलेल्या फळा-फुलांच्या आराशीचे) जुने फोटो एकदम आजच्या तारखेचे होतात! कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोच्या पोटात तारीख असते, पण व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्यात ती पुसलेली असते. अशांची तारीख शेजारच्या जेसन (.json) नावाच्या, नुसत्या मजकुराच्या फाइलीत सापडते. या बारक्या फाइली कचरा समजून उडवू नयेत. एक्झिफटूल हे सॉफ्टवेअर त्यांतूनच तारखा फोटोंत परत भरतं.

फेसबुकचा माल मागवताना एचटीएमएल, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारा प्रकार निवडावा. जेसनमध्ये आपल्या मराठीचं भजं होतं. देवनागरीचं एकेक अक्षर ३ बाइटांचं. तिथे प्रत्येक बाइट सुटं अक्षर म्हणून लिहिला जातो आणि ‘मामी’च्या जागी टोप्या-शेपट्यांची रोमन अक्षरं उमटतात. दुरुस्त होतं, पण त्यासाठी पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा येणारं कुणीतरी घरात हवं.

गूगलचे मेल एमबॉक्स फाइलीत येतात. त्या थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रॅममध्ये ॲड-ऑन (जोड-प्रोग्रॅम) घालून उघडतात. व्हॉट्सअ‍ॅपची एक्सपोर्ट केलेली चॅट मात्र नुसती वाचायची, ॲपमध्ये परत चढत नाही.

उतरवलेलं तपासल्याशिवाय मूळ पुसणं म्हणजे निव्वळ आगाऊपणा. झिप सोडवणाऱ्या सेव्हन-झिप प्रोग्रॅममध्ये ‘टेस्ट’ चालवून पाहावं, मग चार-दोन व्हिडिओ शेवटपर्यंत वाजवावेत. घुमट आरतीचा आवाज मध्येच तुटला तर तो तुकडा पुन्हा. प्रती दोन, दोन वेगळ्या डिस्कवर. आपल्याकडच्या दमटपणात डिस्क झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावी. दुसरी फोंड्याला काकांकडे दिली तरी चालेल. फक्त आत काय आहे ते वर मोठ्या अक्षरांत लिहावं, नाहीतर त्यांचा मुलगा ती रिकामी समजून सिनेमे भरतो.