सॅंडी हुकचा जिताडा

नोव्हेंबरात इथे घड्याळं तासभर मागे गेली की पाच वाजायच्या आत अंधार, त्यामुळे शनिवारी दुपारी तीनलाच मासे गरवायला निघालो, मी आणि आमच्या बिल्डिंगमधले कोरियन काका. न्यूजर्सीतलं सॅंडी हुक म्हणजे समुद्रात घुसलेली वाळूची लांबलचक पट्टी, टोकाकडे 1764 सालचं दीपगृह, आणि हवा स्वच्छ असली तर पलीकडे न्यूयॉर्कच्या बिल्डिंगी. त्या बघायला वेळ कुणाला म्हणा!

या दिवसांत स्ट्राइप्ड बास मासे थंडीला भिऊन दक्षिणेकडे सरकतात आणि बंकरच्या थव्यांमागे किनाऱ्याला अगदी चिकटून येतात. बंकर म्हणजे आपल्या तारलीची दांडगी बहीण, तेलकट आणि काटेच काटे, हाताचा वास दोन दिवस जात नाही. त्याचं मुंडकं गळाला लावायचं, खाली शिसं बांधायचं आणि लाट फुटते त्याच्या पलीकडे भिरकवायचं.

रेवदंड्याला खाडीवर बाबांबरोबर गरवायला जायचो तेव्हा एकच धडा होता, माशाने ओढलं की हिसका. इथे बाससाठी आमिष लावायचं तर सर्कल हुकच, म्हणजे टोक आत वळलेला गोल गळ, लावावा लागतो, आणि त्याला हिसका दिला की तो माशाच्या तोंडातून अलगद बाहेर. पहिला मासा मी असाच घालवला. काका काही बोलले नाहीत, नुसतं बघितलं. तेच जास्त लागलं.

साडेपाचच्या सुमारास वाळूत खोचलेल्या पाइपातला रॉड एकदम वाकला आणि रील किंचाळायला लागलं, मी धावलो, हात मागे जातच होता पण काका ओरडले ‘नो नो’ म्हणून नुसती लाइन ताणून धरली, आणि मग तो ओढतोय मी सोडतोय, मी गुंडाळतोय तो परत पळतोय, असं पंधरावीस मिनिटं तरी चाललं असेल, वेडर्सच्या, म्हणजे पाण्यात उतरायच्या रबरी विजारीच्या, आत घामाने भिजलो मी, बाहेर बोटं थंडीने बधिर. शेवटी एक मोठी लाट आली तिच्याबरोबरच त्याला वर घेतला.

हेडलॅम्पच्या उजेडात चांदीसारखं अंग आणि त्यावर पट्टीने आखल्यासारख्या काळ्या रेघा. अंगापिंडाने आपला जिताडाच! टेप लावली, 38 इंच.

आणि इथेच घोळ. घरी न्यायला चालतो तो 28 ते 31 इंचाचा, तोही दिवसाला माणशी एक. बास कमी झालेत म्हणून 2023 मध्ये वरची मर्यादा 31 वर आणली, कारण एवढ्या मोठ्या बहुतेक माद्याच असतात आणि एकेक लाखोंनी अंडी घालते. डोक्याला पटतं हो, पण घरी बायकोने वाटण करून ठेवलं होतं त्याचं काय?

फोटो एकच काढला. पाण्यात शिरून शेपटीपाशी धरली, तोंड लाटेकडे, कल्ले उघडझाप करतायत, मग एकदम असा फटका मारला की माझ्या तोंडावर पाणी, आणि गेली. तिचे दात म्हणजे सॅंडपेपर, अंगठा अजून सोललेला आहे.

रात्री आईला फोटो पाठवला. लगेच व्हिडिओ कॉल.

“अरे, केवढा जिताडा! कालवण केलंस की तळलास?”

“सोडला गं.”

“म्हणजे, निसटला?”

“नाही, मीच सोडला.”

थोडा वेळ काहीच नाही. मग तिकडे वळून बाबांना, “अहो ऐकलंत का, सोडला म्हणे!”

वाटणात शेवटी अंडी सोडली.