ड्रॉमधली कोरी जागा

टेनिसच्या ग्रँड स्लॅमचा ड्रॉ, म्हणजे कोण कोणाशी खेळणार याचा तक्ता, जाहीर झाला की बहुतेक जण आधी आपल्या लाडक्या खेळाडूचं नाव शोधतात. माझी नजर जाते ती जिथे अजून नावच नाही अशा जागांकडे. तिथे नुसतं 'क्वालिफायर', म्हणजे पात्रता फेरीतून (क्वालिफाइंगमधून) येणारी खेळाडू, असं लिहिलेलं असतं. महिला एकेरीच्या 128 जागांमध्ये अशा जागा 16. मानांकित खेळाडूसमोर ही पाटी आली की तिचे चाहते हुश्श करतात. चला, पहिला पेपर सोपा! मला हा आनंद जरा घाईचा वाटतो. त्या जागी जी कोणी येईल ती नुकतेच तीन सामने जिंकून येणार. चेंडू किती उसळतोय, वारा कुठून येतोय, हे तिच्या हाताला माहीत झालेलं असणार. मानांकित बाई मात्र या स्पर्धेतला पहिलाच सामना खेळायला उतरणार.

2023च्या विम्बल्डनमध्ये सातव्या मानांकित कोको गॉफच्या वाट्याला अशीच एक क्वालिफायर आली. सोफिया केनिन. 2020ची ऑस्ट्रेलियन ओपन विजेती! रँकिंग घसरत घसरत शंभराच्या बाहेर गेलं, तेव्हा ग्रँड स्लॅम जिंकलेल्या या बाईने मुकाट्याने क्वालिफाइंगमध्ये नाव घातलं, तीन सामने काढले आणि पहिल्याच फेरीत गॉफला घरी पाठवलं. गंमत म्हणजे 2019मध्ये पंधरा वर्षांची गॉफ याच वाटेने विम्बल्डनला आली होती आणि तिने पहिल्याच फेरीत व्हीनस विल्यम्सला हरवलं होतं.

ग्रँड स्लॅमच्या महिला एकेरीत रँकिंगवर थेट प्रवेश 104 जणींना, आठ वाइल्ड कार्ड आयोजकांच्या मर्जीची, आणि उरलेल्या 16 जागांसाठी पुन्हा 128 जणी. म्हणजे जगात एकशेविसावी असणारी मुलगी, जिच्या गावात तिच्या आसपासही कोणी टेनिस खेळत नसेल, तिची अजून स्पर्धा सुरूच झालेली नसते. विम्बल्डनला तर हे सामने मुख्य आवारात होतही नाहीत. ते होतात काही किलोमीटरवर रोहॅम्प्टनला. तिथे दुसऱ्या फेरीत हरलेली खेळाडू विम्बल्डनला जाऊन आली असं म्हणायचं की नाही, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

हे सामने पाहण्यात एक वेगळीच मजा आहे. बहुधा एकच कॅमेरा, कोर्टाच्या एका टोकाला उंचावर खिळलेला. समालोचन नाही, रीप्ले नाही, त्यामुळे कान मोकळे राहतात. बुटांची चर्रचर्र, शेजारच्या कोर्टवरच्या टाळ्या, आणि गॅलरीत बसलेल्या कोचचं 'पाय, पाय हलव' असं काहीतरी. भाषा कळली नाही तरी सूर कळतो. तिसऱ्या सेटमध्ये 4-5 अशी मागे असताना दुसऱ्या सर्व्हिसआधी एखादी मुलगी चेंडू टप्पे मारत राहते, मारतच राहते, आणि पंचांच्या घड्याळाकडे आपलंच लक्ष जातं. अंतिम सामन्यात हरणारीला निदान ताट मिळतं, भाषण करता येतं. इथे हरलेली बॅग उचलते आणि पुढच्या जोडीसाठी खुर्ची रिकामी करते.

क्वालिफाइंगचा विषय निघाला की एमा राडुकानूचं नाव निघणारच. 2021च्या यूएस ओपनमध्ये जागतिक क्रमवारीत 150वी असलेली ही मुलगी क्वालिफाइंगपासून सुरू करून दहा सामने खेळली, एकही सेट न गमावता अजिंक्य ठरली. क्वालिफाइंगमधून येऊन ग्रँड स्लॅमची एकेरी जिंकणं खुल्या युगात (1968पासून, व्यावसायिक खेळाडूंनाही प्रवेश मिळू लागल्यावर) तिच्याआधी कोणालाच, पुरुषांनाही, जमलं नव्हतं. क्वालिफाइंग संपल्यानंतरचं परतीचं तिकीटही तिने काढून ठेवलं होतं म्हणे. सगळं खरं, पण ही क्वालिफाइंगची जाहिरात झाली. 128 जणींपैकी 112 जणींसाठी ते परतीचं तिकीट बरोबरच काढलेलं असतं. हिशोबही बघा: तीन सामने जिंकून क्वालिफाय झालं की रँकिंगचे 40 गुण, आणि थेट प्रवेश मिळून पहिल्याच फेरीत हरलं तरी 10.

या 112 जणींमध्ये सगळ्यात विचित्र अवस्था शेवटच्या फेरीत हरलेल्यांची. मुख्य ड्रॉमधल्या कोणी ऐन वेळी माघार घेतली, तर यांच्यातली एखादी 'लकी लूझर' म्हणून आत जाते. त्यासाठी यादीत नाव द्यायचं, मैदानाजवळ राहायचं, बॅग भरून सराव करत बसायचं आणि कोणाचं पोट बिघडलंय, कोणाचा खांदा दुखतोय याच्या बातम्या ऐकायच्या. दुसऱ्याच्या दुखण्यावर डोळा ठेवायची वेळ आणणारा असा नियम फार थोड्या खेळांत असेल. पण त्यातून काय काय घडतं! गॉफने डब्ल्यूटीए या महिलांच्या व्यावसायिक टेनिस मालिकेतलं आयुष्यातलं पहिलं विजेतेपद मिळवलं ते 2019मध्ये लिंझला, लकी लूझर म्हणून. त्याच्या आदल्या वर्षी मॉस्कोत ओल्गा डॅनिलोविचने हाच पराक्रम केला होता. लकी लूझरने डब्ल्यूटीए स्पर्धा जिंकण्याची ती पहिलीच वेळ.

याच डॅनिलोविचने जानेवारी 2021मध्ये आपल्या अंकिता रैनाला ऑस्ट्रेलियन ओपनच्या क्वालिफाइंगच्या शेवटच्या फेरीत तीन सेटमध्ये हरवलं. कोविडमुळे महिलांची ती क्वालिफाइंग चक्क दुबईत झाली होती. हरूनही अंकिता मेलबर्नला गेली, संभाव्य लकी लूझर म्हणून. आधी चौदा दिवस विलगीकरण, मग कोणाच्या तरी माघारीची वाट. एकेरीत तिचा नंबर लागला नाही. दुहेरीत मात्र मिहाएला बुझार्नेस्कूबरोबर तिला ग्रँड स्लॅमच्या मुख्य ड्रॉत खेळायला मिळालं. पहिल्याच फेरीत दोघी हरल्या. ऑस्ट्रेलियन ओपन अजून चालूच होती, तेवढ्यात मेलबर्न पार्कमध्येच फिलिप आयलंड ट्रॉफी ही दुसरी स्पर्धा भरली. तिथे अंकिताने कामिला राखिमोव्हाला जोडीला घेतलं आणि दुहेरीचं विजेतेपद जिंकलं, तिचं डब्ल्यूटीए 250 या दर्जाच्या स्पर्धेतलं पहिलं विजेतेपद.