खोटारडी

ताई फोटो बघून एवढंच म्हणाली, "म्हणजे खोटारडीच की!" आणि पुढचा फोटो सरकवला. दुपारपासून ते डोक्यातून जात नाहीये. बोलली ती कॉमन मॉर्मन फुलपाखराच्या मादीबद्दल. मला का लागावं?

या मादीची रूपं तीन. एक नरासारखं, काळं, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. दुसरं कॉमन रोझ या वेगळ्याच फुलपाखरासारखं, तिसरं तशाच क्रिमझन रोझ फुलपाखरासारखं. दोन्ही रोझ अळी असताना ईश्वरीच्या वेली खातात, ते विष अंगात मुरतं, आणि एकदा तोंड पोळलेला पक्षी परत वाटेला जात नाही. मॉर्मनची अळी वाढते लिंबा-कढीपत्त्यावर. तिच्यात कुठलं आलंय विष? पंखांवर लाल ठिपके, अंग मात्र काळंच. रोझचं अंगही लाल असतं. म्हणजे बाई धड लपलेलीसुद्धा नाही!

खोटं बोलायचं तर आधी ठरवावं लागतं. हिने काय ठरवलं? डबलसेक्स या जनुकाचं जे रूप वाट्याला आलं, त्यावरून तिचा वेष ठरतो. २०१४ साली हे उलगडलं. नराकडेही तो जनुक असतो, पण तो सदा एकाच वेषात. त्याला कुणी काही म्हणत नाही. असो. ताईच्या घरात तरी हा विषय नको.

मीही माणसं बघून बोलते. सासरी वेगळी, ऑफिसात वेगळी, आणि ताईसमोर तर... जाऊ दे.

क्रिमझन रोझसारखी मादी भारतात, श्रीलंकेत दिसते, कारण खरा क्रिमझन रोझ इथे उडतो. जपानच्या र्‍यूक्यू बेटांवर तो नाही, तर तिथे हा वेषही नाही. तिथे कॉमन रोझ बाहेरून येऊन स्थिरावला, तशा त्याच्यासारख्या दिसणाऱ्या माद्या वाढत गेल्या. ज्याची भीती गावात आहे, त्याचेच कपडे कामाचे. यात खोटं काय आहे?

फक्त सगळ्याच जणी तशा झाल्या तर पक्ष्यांना विषाऐवजी चविष्ट घासच जास्त मिळतील आणि लाल ठिपक्यांचा धाक संपेल. म्हणून साध्या, नरासारख्या माद्याही टिकून आहेत. आमच्या घरात त्या जागेवर ताई आहे. आत-बाहेर एक, तोंडावर बोलणारी, आणि अजून तिला कुणी खाल्लेलं नाही.

उद्या तिला हे सगळं फोनवर ऐकवणार आहे. "फुलपाखरावरून भांडतेस?" म्हणेल. भांडेन की.