नवी छोटी की वापरलेली मोठी? नागपुरात एसयूव्ही घेतानाचा माझा अनुभव

अकरा-साडेअकरा लाखांत नवी छोटी एसयूव्ही घ्यायची की तीन-चार वर्षं वापरलेली मध्यम आकाराची, यावर दिवाळीपासून आमच्या घरी रोज चर्चा व्हायची. आईचे गुडघे दुखतात, तिला उंच सीट हवी. काटोलकडे आमची थोडी संत्र्याची बाग आहे आणि तिथला पांदण रस्ता पावसाळ्यात इतका उखडतो की वॅगन-आरचा तळ घासतो. घरात माणसं पाच, शिवाय परतताना डिकीत संत्र्यांचे क्रेट.

नव्या गाडीची बाजू कमजोर नव्हती. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्के झाला, मोठ्यांवर सेस जाऊन सरसकट 40 टक्के राहिला. दोन्ही स्वस्त झाल्या, छोट्या जास्त. पण जुनी विकणारे बरेच जण अजून 2022 च्या बिलावरून हिशोब मांडत होते. नव्याचा भाव उतरला की जुन्याचा उतरलाच पाहिजे. मी प्रत्येक बोलणीत आजचं ऑन-रोड कोटेशन सोबत ठेवलं आणि तिथूनच खाली मोजायला सुरुवात केली.

मला सगळ्यात जास्त अडवलं सुरक्षिततेने. ह्युंदाईची क्रेटा आणि कियाची सेल्टॉस या मध्यम आकाराच्या दोघींच्याही भारतीय मॉडेलांना ग्लोबल एनकॅप या गाड्यांची टक्कर-चाचणी घेणाऱ्या संस्थेच्या जुन्या चाचण्यांत 3 तारे मिळाले होते, तर टाटाच्या छोट्या नेक्सॉनला 2018 मध्येच 5. बायको म्हणाली, "मोठी दिसते म्हणून मजबूत असेल असं नाही नं." ती बरोबर होती. समृद्धी महामार्गावर 120 च्या वेगाने घरची माणसं घेऊन जायचं, तर हा मुद्दा सनरूफच्या कितीतरी वर. म्हणून वापरलेली पाहताना आम्ही अट घातली: सहा एअरबॅग आणि ईएससी (गाडी घसरू लागली तर सावरणारी यंत्रणा) नसेल तर ती गाडी पाहायचीच नाही. स्वस्तात मिळणाऱ्या बऱ्याच गाड्या दोन एअरबॅगवाल्या होत्या, त्या तिथेच गळल्या. सेल्टॉसच्या सगळ्या मॉडेलांत 2022 च्या मध्यापासून सहा एअरबॅग येऊ लागल्या, त्यामुळे शोध त्यानंतरच्या गाड्यांवर आला.

डिझेलचा मोह होताच. पण एप्रिल 2020 नंतरच्या, धुराच्या बीएस-6 नियमांत बसणाऱ्या डिझेल गाड्यांमध्ये धुराची काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो आणि तो साफ व्हायला गाडी अधूनमधून सलग वेगात पळावी लागते. माझं रोजचं जाणं मनीष नगर ते सीताबर्डी, त्यातही सिग्नल. अशा वापरात फिल्टर तुंबतो. पेट्रोलचीही एक उणी बाजू आहे. पंपावर आता ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि त्यासाठी तयार गाड्या साधारण एप्रिल 2023 पासूनच्या. त्याआधीची घेतली तर मायलेज थोडं कमी धरायचं. आम्ही तसं धरलं आणि पेट्रोलच ठरवली.

कामठी रोडवर एकाने दिल्ली पासिंगची डिझेल गाडी दाखवली. भाव ऐकून कोणाचंही मन हललं असतं. पण दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली गेली होती, म्हणून त्या इकडे येऊ लागल्या. तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत पत्र) आणायची, महाराष्ट्राचा रोड टॅक्स पुन्हा भरायचा आणि वर पंधरा वर्षांच्या नोंदणीतली थोडीच वर्षं उरलेली. मी हात जोडले.

आता नागपूरकरांनी नीट वाचावं असं. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि आजूबाजूच्या वस्त्यांत गाड्या बुडाल्या. त्यातल्या कितीतरी दुरुस्त होऊन आजही रस्त्यावर असतील. आमच्या मिस्त्रीदादांनी मला बुडालेली गाडी ओळखायला शिकवलं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायचा, टोकाला गाळाची रेघ दिसते. स्टेपनीच्या खाचेत हात घालायचा, सीटखालच्या रुळांवर गंज पाहायचा, कार्पेट उचलून वास घ्यायचा. एका चकाचक पांढऱ्या गाडीचा बेल्ट अर्ध्याच्या पुढे मातकट निघाला. विकणारा म्हणाला, "पोरांनी चिखल लावला असंल जी." दादांनी बोनेटसुद्धा उघडलं नाही, मला बाहेर घेऊन आले. त्यांचे ते उपकार मी विसरणार नाही.

एसी मात्र भर दुपारीच तपासा. पंचेचाळीस अंशांत उभ्या गाडीत अर्धा तास गारवा टिकतो का, हे सकाळच्या टेस्ट ड्राइव्हला कळणार नाही.

शेवटी आवडली ती वापरलेलीच, एका बँकेतल्या काकांची, नागपूरचीच एमएच-49 पासिंग, 2022 च्या अखेरची. त्यांची बदली पुण्याला झाली होती. सर्व्हिसची सगळी बिलं फाइलला लावलेली, दारांच्या रबराखालचे कारखान्याचे वेल्डचे ठिपके शाबूत, म्हणजे अपघातात पत्रा बदललेला नाही. टायर मात्र चारही मूळचे. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, त्यावरून कळलं. चार नव्या टायरांचे पैसे भावातून वजा केले. काकांनी कुरकुर केली नाही.

गाडीवर कर्ज होतं. बँकेची एनओसी आणि आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात पडेपर्यंत मी टोकनपलीकडे पैसे दिले नाहीत आणि काकांना तसं सरळ सांगितलं. ई-चलनं त्यांनी माझ्यासमोर भरली. मग मालकी बदलायचे फॉर्म 29 आणि 30, सरकारच्या वाहन पोर्टलवर अर्ज. विम्याबाबत एक लक्षात ठेवा: नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गाडीचा नसतो, मालकाचा असतो. काकांचा बोनस त्यांच्याकडे राहिला आणि पॉलिसी माझ्या नावावर करताना फरक भरावा लागला. मात्र वॅगन-आर विकल्यावर माझा साठलेला बोनस मी पत्र घेऊन राखून ठेवला, तो पुढच्या नूतनीकरणात लागेल.

आणि फास्टॅग. जुन्या मालकाचा टॅग त्यांच्याकडून बंद करून घ्या आणि आपल्या नावाचा नवा लावा. नाहीतर तुम्ही शिर्डीला निघाल आणि टोल त्यांच्या खात्यातून कापला जाईल.