आत्याचं बडोदं आणि वहीचं कोरं पान

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी वहीचं मागचं पान उघडते आणि नव्या वर्षाच्या इच्छा लिहून काढते. कॉलेजात असल्यापासूनचा हा नेम आहे. बाकीच्या इच्छा बदलत गेल्या. नोकरी, घर, मुलाची दहावी, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन. पहिली ओळ मात्र वर्षानुवर्षं तीच: या वर्षी पन्नास पुस्तकं वाचायची. कधी पन्नास झाली, कधी तिसाच्या आतच राहिली. आकडा मी दरवर्षी इमानाने लिहून ठेवला.

यंदा ते पान अजून कोरंच होतं, तेवढ्यात बडोद्याहून आत्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग ती म्हणाली, "दिवाळी अंक आलेत गं, पण तसेच पडून आहेत. ओळीच्या मधोमध काळा डाग येतो. कडेची अक्षरं दिसतात, मधली दिसत नाहीत." नव्या चष्म्याने किंवा भिंगाने हे सुधारणारं नाही, असं डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं. बोलताना तिच्या सुरात तक्रार नव्हती, पण मला फोन खाली ठेववेना. मला शाळेने वाचायला शिकवलं, पण पुस्तकाशिवाय करमू नये हे या बाईने शिकवलं. त्या रात्रीच मी तिकीट काढलं.

बोरिवलीहून रात्रीच्या गाडीत बसलं की बडोदं उजाडायच्या आत येतं. वरच्या बर्थवर झोप लागते न लागते तोच भरूच मागे पडलेलं असतं. स्टेशनबाहेर चांगलीच थंडी होती. रिक्षावाल्याशी माझं मोडकंतोडकं गुजराती सुरू झालं आणि 'दांडिया बाजार' ऐकल्यावर तो सरळ मराठीत बोलायला लागला. बडोद्यात हे कायम होतं. गायकवाडांच्या मागोमाग इथे आलेली मराठी घरं पाच-सहा पिढ्यांपासून इथलीच आहेत. त्यांच्या बोलण्यात खिडकीला सहज 'बारी' म्हणतात, जिन्याला 'दादर'. आत्या पुण्याची, लग्न होऊन इथे आली. साठ वर्षांत तीही 'बारी लाव गं, थंडी येतेय' म्हणायला लागली.

रस्त्याच्या कडेला उत्तरायणाची, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांची, तयारी सुरू झाली होती. दोन खांबांमध्ये दोरा ताणून त्याला गुलाबी मांजा चढवणारी माणसं इतक्या पहाटेही कामाला लागलेली. दोन आठवड्यांनी या शहरात कुणी गच्चीवरून खाली उतरणार नाही.

आत्या दारात उभी होती. माझ्या चेहऱ्याकडे बघताना तिने मान किंचित वळवली. समोर पाहिलं तर मी दिसत नव्हते, कडेने पाहिल्यावर दिसले. तेवढं पाहून मला पुढचं काही विचारायची गरज उरली नाही. मग चहा झाला, लीलव्याची कचोरी झाली, झोपाळ्यावर बसून सगळ्या नातेवाइकांची चौकशी झाली. कोपऱ्यातल्या स्टुलावर पाच दिवाळी अंक एकावर एक ठेवलेले होते, त्यांची पानंही वेगळी झालेली नव्हती.

"उद्या लायब्ररीत जाऊ," ती म्हणाली. दिसत नसताना लायब्ररी कशाला, हे विचारायचं माझ्या जिवावर आलं.

मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा आठ वर्षांची होते. मे महिन्याच्या सुट्टीत आत्या मला घेऊन गेली होती. तिथल्या ग्रंथसंग्रहात लोखंडी मांडण्यांचे मजले एकावर एक आहेत आणि मजल्यांना जमीन म्हणून जाड काचा बसवलेल्या आहेत, वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत झिरपावा म्हणून. मी काचेवर पाऊल टाकायला तयार नव्हते. खाली कुणीतरी चालत होतं, त्याची अंधूक सावली माझ्या पायाखालून सरकत गेली. आत्याने माझा हात धरला आणि म्हणाली, "एवढी पुस्तकं पेलते, तुला पेलणार नाही?" त्या दिवसानंतर सुट्टीभर रोज जायचा हट्ट मी धरला.

ही लायब्ररी कशी उभी राहिली, ते आत्या मला तेव्हापासून सांगत आली आहे, आणि मला ते पुन्हा पुन्हा ऐकावंसं वाटतं. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा शेतकरी कुटुंबातला बारा वर्षांचा गोपाळ १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक आला, तेव्हा त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. पुढे हाच मुलगा महाराजा सयाजीराव झाला. १८९३ मध्ये त्यांनी अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू केला. पण शाळा सुटल्यावर त्या मुलांनी वाचायचं काय? शिकलेलं अक्षर वापरलं नाही तर विसरलं जातं. हा प्रश्न ज्या राजाला पडला, त्याला स्वतः उशिरा अक्षर भेटलं होतं. माझ्या मते त्यांची सगळी ग्रंथालय चळवळ इथून निघाली.

१९१० मध्ये त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून घेतलं. राजवाड्यातला स्वतःचा वीसएक हजार पुस्तकांचा संग्रह लोकांसाठी दिला. ग्रंथपाल तयार करायचे वर्ग सुरू झाले. बॉर्डन तीन वर्षांनी परत गेल्यावर कुडाळकर नावाच्या ग्रंथपालांनी ते काम पुढे नेलं. गावात ग्रंथालय हवं असेल तर खर्चाचा काही वाटा गावाने उचलायचा आणि बाकीचा सरकारने आणि पंचायतीने, अशी पद्धत होती. फुकट मिळालेलं कपाट धूळ खात पडतं, स्वतःचे चार पैसे घातलेलं उघडलं जातं. आणि जिथे ग्रंथालय नव्हतं तिथे फिरती पेटी जायची.

या पेटीची गोष्ट आत्याच्या सासऱ्यांची. त्यांचं लहानपण बडोद्याजवळच्या पादरा गावाकडच्या एका खेड्यात गेलं. लाकडी पेटी यायची, मास्तरांच्या ओसरीवर उघडली जायची. वाचता येणारे मोजकेच, पण ऐकायला सगळं गाव. मास्तर थकले की सासऱ्यांना पुढे बसवायचे. त्यांचा आवाज मोठा होता. नऊ-दहा वर्षांचा मुलगा कंदिलापुढे बसून वाचतोय आणि आजूबाजूला वडीलधारी माणसं मान खाली घालून ऐकताहेत. पुढे म्हातारपणीसुद्धा ते पेपर मनात वाचायचे नाहीत, मोठ्याने वाचायचे. "नवीन लग्न झालं तेव्हा मला त्याचा राग यायचा," आत्या म्हणाली. "सकाळी सकाळी बाजारभाव ऐकायला लागायचे."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. मराठी पुस्तकांच्या रांगेत आत्या एका हाताने काठी आणि दुसऱ्या हाताने मांडणीची कड धरून चालत होती. मी मागून पुस्तकांच्या पाठीवरची नावं वाचत होते. ती मधूनच थांबवायची. "हे मी घेतलेलं आहे. बाळंतपणाला जायच्या आधी." "हे शेवटपर्यंत वाचवलं नाही, फार दुःखाचं होतं." "इथून पुढे चरित्रं असायची, बघ." चरित्रं आता दोन रांगा पलीकडे होती. अर्धा तास आम्ही अशा चाललो. एकही पुस्तक उघडलं नाही, पण तिचं सगळं आयुष्य तिथे रांगेने लावलेलं होतं आणि तिला त्याची जागा पाठ होती.

बाहेर आल्यावर सेव-उसळ खाल्ली. पांढऱ्या वाटाण्याची उसळ, वर तिखट तरी, मूठभर शेव, कांद्याची पात. आत्याला तिखट सोसत नाही आता, पण तिने पाव बुडवून दोन घास घेतलेच. लक्ष्मी विलास राजवाडा मी या वेळी रिक्षातूनच पाहिला.

एकतीस तारखेला दुपारी सयाजीबागेत गेलो. जुने बडोदेकर तिला कमाटीबागच म्हणतात. १८७९ पासूनची ही बाग स्टेशनपासून जवळच आहे आणि विश्वामित्री नदी तिच्यामधून जाते. शाळांच्या सहली आलेल्या होत्या, संग्रहालयाबाहेर रांग होती. आम्हाला जायचं होतं संकल्पभूमीकडे.

१९१३ मध्ये सयाजीरावांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर अमेरिकेत शिकायला गेले आणि करारानुसार १९१७ मध्ये संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्याला आले. शहरात त्यांना कुणी राहायला जागा देईना. एका पारशी धर्मशाळेत वरच्या मजल्यावरच्या रिकाम्या दालनात नाव बदलून ते राहिले. पुढे त्यांनी स्वतः लिहिलेल्या आठवणींत ते दालन आहे. जुन्या वह्या आणि मोडक्या सामानाने भरलेलं, एकही दुसरा माणूस नसलेलं. रखवालदार एक कंदील आणून ठेवायचा, त्याचा उजेड काही इंचांपलीकडे जात नसे. दिवसभर कचेरी आणि रात्री तो अंधार. हे सगळं विसरण्यासाठी ते वाचत बसायचे. वाचनात बुडाले की एकटेपणा थोडा वेळ विसरायचा, आणि मग दालनात घरं केलेली वटवाघळं अंगावरून उडायची.

अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले लोक जिना चढून आले आणि त्यांना तिथून निघायला सांगितलं. जिन्यावर पावलं वाजली त्या क्षणी ते काय करत होते, हेही त्यांनी लिहिलं आहे. रात्री वाचायला आणलेली ग्रंथालयाची पुस्तकं परत करायला म्हणून ते उचलत होते.

मी हे आधी वाचलेलं होतं. त्या बागेत उभं राहून आत्याला सांगताना मात्र माझा आवाज बसला. ज्या शहरात त्यांना उजेड नव्हता, खोली नव्हती, माणूस नव्हतं, तिथे पुस्तक होतं. ते घरी नेता येत होतं आणि सकाळी परत करायचं असतं हे त्या माणसाने त्या स्थितीतही पाळलं होतं. त्या दिवशी मित्रांकडेही आसरा मिळाला नाही. मुंबईची गाडी रात्री नऊची. मधले पाच तास त्यांनी या बागेत काढले. समाजाला या स्थितीतून बाहेर काढायचा संकल्प त्यांनी इथल्या वडाखाली केला, म्हणून ही संकल्पभूमी. २३ सप्टेंबरला इथे लांबून लांबून माणसं येतात. आम्ही गेलो तेव्हा एक बाई लेकीला घेऊन आली होती. मुलीने चपला काढल्या, हात जोडले, मग पाटीवरचा मजकूर एकेक अक्षर लावून मोठ्याने वाचला. तिची आई शेवटपर्यंत थांबून ऐकत होती. आत्यानेही मान त्या आवाजाकडे वळवली होती.

बाकावर बसल्यावर मी तिला विचारलं, "आत्या, नव्या वर्षात तुला काय हवंय?"

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "२०१८ मध्ये इथे साहित्य संमेलन झालं ना, ९१वं, तेव्हा मी तीनही दिवस गेले होते. इतकी पुस्तकं आणली की ठेवायला जागा नव्हती. वाटलं, होतील हळूहळू वाचून. त्यातली अर्धी राहिलीत." थोड्या वेळाने: "मोबाइलवर पुस्तकं ऐकता येतात म्हणे. शेजारच्या मुलाने लावून दिली. चांगला आवाज होता. पण तो माणूस माझ्यासाठी थांबत नाही गं. मला मध्येच काही बोलायचं असतं."

त्या रात्री शहरात बारा वाजता फटाके वाजले तेव्हा आम्ही दोघी जाग्याच होतो. स्टुलावरचा सगळ्यात वरचा दिवाळी अंक मी घेतला होता आणि एक दीर्घकथा वाचत होते. आत्या मला दर पानाला अडवत होती. ही सून खोटं बोलतेय. नाही, थांब, मागचं वाक्य परत वाच. असं कुणी आपल्या आईशी बोलतं का? मी घरी एकटी वाचते तेव्हा अशी कथा चाळीस मिनिटांत संपवते. त्या रात्री आम्ही दोन तासांत सोळा पानं वाचली, आणि त्या कथेतलं घर मला दरवाजाच्या कडीपासून दिसलं.

ती झोपल्यावर मी वही काढली. पहिली ओळ लिहायला पेन टेकवलं, पण पन्नासचा आकडा लिहिला नाही. लिहिलं: रोज रात्री नऊ वाजता आत्याला फोन करायचा आणि वाचायचं. मग आणखी थोडं लिहिलं. आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमधलं बंद कपाट उघडून घ्यायचं आणि त्यासाठी प्रत्येक घराकडून थोडी वर्गणी मागायची, पुस्तकं दान म्हणून नाही. मुलाला मे महिन्यात बडोद्याला पाठवायचं आणि त्या काचेवरून चालायला लावायचं. तो सोळा वर्षांचा आहे, कुरकुर करेल. आईला तिचं आवडतं पुस्तक कोणतं हे मी कधीच विचारलेलं नाही, ते विचारायचं. पान अर्धंच भरलं.

एक तारखेला दुपारच्या गाडीने निघाले. निघताना आत्याने तो दिवाळी अंक माझ्या पिशवीत ठेवला. "तुझ्याकडेच राहू दे. माझ्याकडे असून काय उपयोग?" आणि मग लगेच, "पण पुढे वाचू नकोस हं. मी नसताना."

मी वाचलं नाही. सुरतेपर्यंत दोनदा पिशवीत हात गेला आणि परत आला.

दोन तारखेला रात्री नऊला फोन लावला. पहिल्या रिंगलाच तिने उचलला. झोपाळ्याच्या कड्यांची करकर ऐकू येत होती. मी खुणेचं पान शोधत होते, तेवढ्यात तीच म्हणाली, "सून दाराची कडी काढायला उठली होती. तिथून."